लहान नाण्यांचे मोठे अभ्यासक : डॉ. जुझे गेर्सन दा कुन्हा



आपल्या कोकण किनाऱ्याचा इतिहास म्हटला की किल्ले, तोफा, गलबते आणि राजे-सरदार डोळ्यांसमोर उभे राहतात. पण त्या काळी बाजारात पायलीभर तांदूळ किंवा मासळीचा एखादा वाटा घ्यायला गेलेल्या बाईच्या मुठीत कोणते नाणे होते, त्यात तांबे किती होते आणि ते वाणी मुकाट्याने घेत होता की परत करत होता, हे प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. असे प्रश्न ज्यांनी विचारले आणि त्यांची उत्तरे शोधण्यात आयुष्याची अनेक वर्षे वेचली, अशा एका गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टरांची ओळख या अंकात आम्ही करून देत आहोत. त्यांचे नाव डॉ. जुझे गेर्सन दा कुन्हा.

डॉ. दा कुन्हा यांचा जन्म फेब्रुवारी १८४४ मध्ये गोव्याच्या बार्देश तालुक्यातील हडफडे या गावी झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगालच्या राजाची सत्ता होती. हुशार मुलांना पुढच्या शिक्षणासाठी आणि पोटापाण्यासाठी मुंबईची वाट धरावी लागे. जुझे हेही मुंबईला आले. पुढे विलायतेला जाऊन त्यांनी लंडन आणि एडिंबरो येथील वैद्यकीच्या पदव्या मिळवल्या, आणि मुंबईला परतून डॉक्टरीचा व्यवसाय सुरू केला. शेवटपर्यंत मुंबई हीच त्यांची कर्मभूमी राहिली.

ते नुसते औषध देणारे डॉक्टर नव्हते. १८७१-७२ मध्ये मुंबईत डेंग्यूची साथ आली, तेव्हा त्यांनी या आजाराचा इतिहास, लक्षणे आणि उपचार यांवर पुस्तक लिहिले. डेंग्यू हे नाव आज आपल्या घराघरांत माहीत झाले आहे. त्यावर मुंबईत दीडशे वर्षांपूर्वी एका गोमंतकीय डॉक्टरने स्वतः पाहिलेल्या साथीच्या आधारे लिहिले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. पाहिलेली गोष्ट बारकाईने नोंदवून ठेवायची, ही सवय त्यांना डॉक्टरीने लावली असावी. पुढे इतिहासाच्या कामात हीच सवय त्यांच्या उपयोगी पडली.

इतिहासाची ओढ

त्या काळच्या मुंबईत डॉक्टरी आणि इतिहास यांची सांगड घालणारे दा कुन्हा एकटे नव्हते. डॉ. भाऊ दाजी लाड हे मूळचे गोव्यातील मांद्रे गावचे. तेही डॉक्टर होते आणि त्यांनीही जुने शिलालेख व नाणी यांचा मोठा अभ्यास केला होता. पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा नाण्यांचा अभ्यास तर साऱ्या जगात नावाजलेला होता. फोर्टमधील टाऊन हॉलच्या इमारतीत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ग्रंथालय होते. विद्वान मंडळी तेथे जमत, निबंध वाचत, नवे शोध मांडत. दा कुन्हा या वर्तुळात रमले.

त्यांच्या कामाचा आवाका पाहून आजही आश्चर्य वाटते. १८७६ मध्ये त्यांचे चौल आणि वसई या दोन ठाण्यांच्या इतिहासावरचे पुस्तक निघाले. वसईच्या पडक्या चर्चमधील थडग्यांवरचे पोर्तुगीज लेख त्यांनी वाचून त्यात उतरवून घेतले. पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, त्यांनी स्कंदपुराणातील सह्याद्रिखंडाची संस्कृत प्रत निरनिराळी हस्तलिखिते ताडून छापून प्रसिद्ध केली. परशुरामाने समुद्र हटवून कोकणची भूमी मिळवली, ही आपल्याकडे सर्वांना ठाऊक असलेली कथा याच ग्रंथातली. एका ख्रिस्ती डॉक्टरने कोकणच्या या पुराणाची पहिली छापील प्रत तयार केली, ही गोष्ट सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपण देवरूखकरांनी तरी लक्षात ठेवावी. १८८१ मध्ये कोंकणी भाषा आणि तिचे वाङ्मय यांवर त्यांनी लिहिले. आणि १९०० साली, म्हणजे त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, मुंबई शहराच्या उगमावरचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

पण या सगळ्यांत त्यांचा जीव खरा रमला तो नाण्यांत.

भट्टीकडे निघालेली नाणी

नाणी जमवणारे लोक तेव्हाही पुष्कळ होते. बहुतेकांची धाव सोन्याच्या मोहरांकडे किंवा ग्रीक आणि गुप्त राजांच्या नाण्यांकडे असे. गोव्याच्या, दीवच्या किंवा दमणच्या तांब्या-कथलाच्या चिपांकडे कोण पाहणार? त्या झिजलेल्या, वेड्यावाकड्या, कधी अक्षरही धड न उमटलेल्या. सराफ त्या वजनावर घेत आणि तांबट वितळवून टाकत.

त्यात १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत एक तह झाला. त्यानुसार गोव्याचे चलन इंग्रजी रुपयाच्या मापाचे करायचे ठरले. १८८१ पासून गोव्यासाठी नवी नाणी कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडली जाऊ लागली. त्यांवर पोर्तुगालचे राजे दों लुईश यांचा मुखवटा होता आणि आकार-वजन इंग्रजी नाण्यांसारखे होते. साडेतीनशेहून अधिक वर्षांची जुनी नाणी अशा रीतीने बाजारातून हद्दपार होऊ लागली.

नेमक्या याच वेळी, १८८० पासून, दा कुन्हा यांनी हिंदुस्थानातील पोर्तुगीज नाण्यांवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध करायला सुरुवात केली. आणखी वीस-पंचवीस वर्षे गेली असती, तर पुष्कळ नाणी पाहायलाही मिळाली नसती. जे भट्टीत चालले होते ते त्यांनी हातात घेऊन तोलले, मोजले, त्यांची चित्रे काढून घेतली आणि जुन्या दप्तरांतील हुकूम व हिशेब यांच्याशी ताडून पाहिले. पोर्तुगीज भाषा त्यांच्या घरचीच असल्यामुळे ही दप्तरे त्यांना वाचता येत होती आणि बाजारातली कोंकणी-मराठी नावेही समजत होती. दोन्हीकडचे असे ज्ञान असलेला दुसरा अभ्यासक त्या वेळी मिळणे कठीण होते.

बझारूकाची गोष्ट

गोव्यातील सर्वांत लहान नाण्यांपैकी एकाचे नाव बझारूक. जुन्या हिशेबात एका रुपियाचे २ शेराफी, म्हणजे १० तांगे, म्हणजे ६०० रेइश, म्हणजेच ७५० बझारूक होत. यावरून बझारूकाची किंमत किती क्षुल्लक होती याची कल्पना येईल. श्रीमंताच्या तिजोरीत त्याला जागा नव्हती. ते कोळणीच्या, हमालाच्या आणि चर्चच्या पायरीवर बसलेल्या भिकाऱ्याच्या हाती फिरत असे. बझारूक कधी तांब्याचे, कधी कथलाचे, तर कधी तुतनाग नावाच्या जस्तासारख्या स्वस्त धातूचे असे. अठराव्या शतकातही गोवा आणि दीव येथे अशी हलक्या धातूची नाणी निघत होती. एका बाजूला पोर्तुगालच्या राजाची ढाल आणि तिच्या दोन बाजूंना टांकसाळीची अक्षरे असत. गोव्याच्या नाण्यावर ‘जी’ आणि ‘ए’, दीवच्या नाण्यावर ‘डी’ आणि ‘ओ’.

काही नाण्यांवर चाकाचे चित्र असे. पोर्तुगीजांनी गोवा जिंकला तो २५ नोव्हेंबर १५१० रोजी. तो दिवस अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचा सण. चाक ही या हुतात्मा संतेची खूण, म्हणून ते नाण्यावर आले. चांदीच्या आणि सोन्याच्या नाण्यांवर प्रेषित संत थॉमस यांचे नाव मिरवणारा क्रूस असे आणि वर्षाचे चार आकडे क्रूसाच्या चार कोपऱ्यांत एकेक करून बसवलेले असत. असा क्रूस असलेली सोन्याची नाणी अठराव्या शतकभर निघत राहिली.

नाण्यावर क्रूस आहे, संतांची खूण आहे, म्हणजे ते नाणे पाडणारे राज्यही तितकेच न्यायी होते असे म्हणता येईल का? दा कुन्हा यांच्यासारखा अभ्यासक नाण्यावरचे चित्र पाहून थांबत नाही. तो नाणे तराजूत घालतो, आणि तराजू वेगळीच गोष्ट सांगू लागतो.

संत फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्याला आले, ते नवे गव्हर्नर मार्तिम आफोन्सो द सोझा यांच्याबरोबर. याच गव्हर्नरांनी सरकारी तिजोरीच्या फायद्यासाठी बझारूकातील तांबे कमी केले. नाण्याची किंमत पूर्वीचीच, पण धातू कमी. व्यापारी काही दूधखुळे नव्हते. ते या नाण्याच्या बदल्यात माल देईनात. बाजारात धान्य-भाजीपाला येईना. ज्यांच्याजवळ सोने-चांदी होते त्यांचे फारसे बिघडले नाही. ज्यांची सारी मजुरी तांब्यातच मिळत होती त्यांची मात्र उपासमार होऊ लागली. १५४५ मध्ये दों जुआंव द कास्त्रो हे नवे गव्हर्नर आले. लोकांच्या तक्रारी ऐकून त्यांनी हलके नाणे बंद केले आणि पूर्वीचे वजन पुन्हा सुरू केले.

एका लहानशा तांब्याच्या चकतीत एवढा अन्याय आणि एवढा न्याय दडलेला असतो. राजांच्या चरित्रात तो दोन ओळींत संपतो किंवा मुळीच येत नाही. जड आणि हलके अशी दोन बझारूक शेजारी शेजारी ठेवली की मात्र तो डोळ्यांना दिसतो.

पोपमहोदयांच्या राज्यातील नाणी

दा कुन्हा यांचा संबंध इटलीशीही आला. १८७८ मध्ये फ्लॉरेन्स शहरात पौर्वात्य विद्येच्या अभ्यासकांची जागतिक परिषद भरली होती. तिला ते उपस्थित राहिले. तेथील प्राध्यापक आंजेलो दे गुबेर्नातिस यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. हे प्राध्यापक १८८५-८६ मध्ये हिंदुस्थानात आले, तेव्हा दा कुन्हा यांनी त्यांना मुंबईत मोठे साहाय्य केले. १८८६ मध्ये फ्लॉरेन्समध्ये भारतीय वस्तूंचे संग्रहालय उघडले गेले.

दा कुन्हा इटलीत गेले त्याच्या आठच वर्षे आधी, २० सप्टेंबर १८७० रोजी, रोम शहर इटलीच्या राजाच्या सैन्याने घेतले होते. तोपर्यंत मध्य इटलीत पोपमहोदयांचे स्वतःचे राज्य होते. तेथे पोप हे धर्मगुरूही होते आणि राजेही. त्यामुळे त्या राज्याला टांकसाळी होत्या, कर होते आणि पैशांची चणचणही होती. १ स्कूदो म्हणजे १० पाओलो, म्हणजे १०० बायोक्को, म्हणजे ५०० क्वात्रीनो असा तेथील हिशेब. अठराव्या शतकातील ही बायोक्को-क्वात्रीनोसारखी लहान नाणी जमवणारे छांदिष्ट आजही जगभर आहेत. त्या काळच्या लहान चांदीच्या नाण्यांवर अनेकदा राजाच्या बढाईऐवजी लॅटिन बोधवचन असे. गरिबाला हात द्यावा, धनाचा लोभ धरू नये, अशा अर्थाची ही वचने. पैशावरच पैशाविषयी सावध करणारा उपदेश कोरलेला, असे जगात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते.

पण तराजूने येथेही कुणाची भीड ठेवलेली नाही. १७९६ मध्ये नेपोलियनच्या फ्रेंच फौजा इटलीत घुसल्या. फेब्रुवारी १७९७ च्या तोलेंतीनोच्या तहाने पोप सहावे पायस यांच्या राज्यावर जबर खंडणी बसली. चांदी संपली. तेव्हा गावोगावच्या टांकसाळींतून तांब्याची मोठ्या किमतीची नाणी निघू लागली. ५ बायोक्कोच्या नाण्यावर पवित्र मरियेचे चित्र होते, म्हणून लोक त्याला मादोन्निना म्हणत. अडीच बायोक्कोच्या नाण्यावर संत पेत्राचे चित्र होते, त्याला साम्पिएत्रिनो म्हणत. चित्रे पवित्र, पण तांबे नाण्यावरच्या किमतीच्या मानाने कमी. महागाईने गरीब भरडले गेले. पुढच्या वर्षी फ्रेंचांनी राज्यच ताब्यात घेतले आणि पोप सहावे पायस १७९९ मध्ये फ्रान्समध्ये कैदेत मरण पावले.

हे सांगताना ख्रिस्तसभेचा कमीपणा करण्याचा आमचा हेतू नाही. संकटात सापडलेले राज्य कुणाचेही असो, त्याचा भार शेवटी सर्वांत लहान नाणे वापरणाऱ्यावर येतो, एवढेच ही नाणी सांगतात. प्रभू येशूने मंदिरातील दानपेटीजवळ बसून श्रीमंतांच्या देणग्यांपेक्षा विधवेच्या दोन टोल्यांकडे लक्ष दिले, हे आपण दरवर्षी ऐकतो. टोली हे त्या काळचे सर्वांत लहान तांब्याचे नाणे होते. लहान नाण्याकडे पाहणे म्हणजे ते ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे पाहणे होय.

संग्रह आणि लेखन

दा कुन्हा यांच्या संग्रहात सुमारे २७ हजार नाणी होती असे सांगितले जाते. त्यांत सोने, चांदी, तांबे आणि अनेक देशांची व अनेक काळांची नाणी होती. १८८८-८९ मध्ये त्यांनी या संग्रहाची यादी छापून प्रसिद्ध केली. आमच्या मते त्यांचे मोठेपण या आकड्यात नाही. पेटीत कुलूप लावून ठेवलेले नाणे एका घरापुरते राहते, पण त्याचे वजन, धातू, चिन्हे आणि पाडण्याचे कारण लिहून छापले की ते सर्वांचे होते. पुढच्या काळात पोर्तुगीज-भारतीय नाण्यांचा अभ्यास करू लागलेल्या विद्वानांना दा कुन्हा यांच्या पानांपासून सुरुवात करावी लागली.

एवढे सगळे त्यांनी डॉक्टरी सांभाळून केले. १९०० साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपल्या घरातील नाणी

वाचकहो, हे चरित्र वाचून आपण काय करू शकतो? आपल्या भागात जुन्या घरांच्या फडताळांत, पेट्यांत आणि आजीच्या बटव्यांत अजूनही ढब्बू पैसे, शिवराया, छिद्राचे पैसे आणि क्वचित गोव्याचे तांगे सापडतात. घर पाडताना किंवा वाटण्या होताना ते भंगारवाल्याला किलोवर दिले जातात. दा कुन्हा यांनी जे थोपवण्याचा प्रयत्न केला, ते अजून थांबलेले नाही. म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो.

जुने नाणे चिंच, लिंबू, राख किंवा पावडर लावून चकचकीत करू नये. घासल्याने त्यावरची उरलीसुरली अक्षरे जातात आणि अभ्यासकाला ते निरुपयोगी होते. नाणे कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे आणि पाकिटावर ते कुठे मिळाले, कुणाच्या घरातले, कशाबरोबर सापडले हे लिहावे. नाणे कुठून आले हे माहीत नसेल तर त्याची निम्मी गोष्ट हरवते. शेतात किंवा घराचा पाया खणताना पुरलेली नाणी सापडली तर ती परस्पर विकू नयेत. १८७८ च्या भूमिगत धनाविषयीच्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. सराफ किंवा दलालाच्या गोड बोलण्याला भुलून पुष्कळांनी स्वतःचे आणि इतिहासाचेही नुकसान करून घेतले आहे.

मुलांना सुट्टीत मुंबईला नेलेत तर फोर्टमधील रिझर्व्ह बँकेचे नाणे-संग्रहालय दाखवावे. नाशिकजवळ अंजनेरी येथेही नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. आपल्या देवरुखात लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय आहे, त्यामुळे जुने जपण्याचे मोल या गावाला सांगण्याची गरज नाही.

नाण्यांबरोबर आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. घरातील जुने बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाच्या पत्रिका, मिशनच्या शाळेतील वह्या, पहिल्या कम्युनियनचे फोटो हीसुद्धा आपली लहान नाणीच आहेत. बाजारात त्यांना फुटकी कवडी मिळणार नाही. पण आपल्या माणसांची नावे, गावे आणि तारखा त्यांतच आहेत. फोटोच्या मागे नावे लिहून ठेवायला एक संध्याकाळ पुरते. घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून ती लिहून घ्यावीत, अशी सर्व कुटुंबांना आमची विनंती आहे.